सहलीच्या बोटीला अपघात झाला तर नंतर नेमकं काय करायचं?

राधानगरीकर
नमस्कार मंडळी. परवा माझ्या नणंदेच्या घरचे सगळे सिंधुदुर्गात फिरायला गेले होते. डॉल्फिन दाखवायला नेणारी होडी ठरवली. परतताना खाडीच्या मुखाशी लाट आडवी लागली आणि होडी कलंडली. जवळच दुसऱ्या होड्या होत्या, त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. देवाची कृपा, जीव वाचले. नणंदेचे सासरे बरंच पाणी प्यायले, भाच्याच्या पोटरीला इंजिनाजवळ काहीतरी लागून जखम झाली, मोबाईल आणि नणंदेची पर्स समुद्रात गेली.

किनाऱ्यावर होडीवाल्याने पैसे परत दिले, चहा पाजला आणि म्हणाला, "सगळे वाचलात ना, आता पोलीस कशाला?" आजूबाजूचेही तेच म्हणायला लागले. हे लोक ओल्या कपड्यांत, भेदरलेले, गाडीत बसून थेट कोल्हापूरला आले. कुठे नोंद नाही, काही नाही. आता घरात दोन तट पडलेत. नणंद म्हणते तक्रार करायचीच, तिचे यजमान म्हणतात गरिबाच्या पोटावर पाय नको. सासऱ्यांचा खोकला अजून थांबलेला नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आता यांनी काय करावं? आणि अशी वेळ कुणावर आलीच, तर पाण्याबाहेर आल्यापासून काय काय करायचं असतं? गाडी ठोकली तर काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. बोटीचं विचारलं तर आमच्यापैकी एकालाही सांगता येईना.

पळसफूल
मी डॉक्टर आहे. तक्रार, पैसे, मोबाईल सगळं नंतर. आजोबांना आजच दवाखान्यात न्या. बुडता बुडता वाचलेल्या माणसाच्या फुप्फुसात थोडं पाणी गेलं असेल तर त्रास बहुधा पहिल्या काही तासांतच दिसतो, म्हणून अशा माणसाला सहा ते आठ तास देखरेखीखाली ठेवतात. ती वेळ निघून गेली आहे. पण खोकला टिकून असेल तर ऑक्सिजनची पातळी, छाती तपासणे आणि एक्स-रे हवाच. वयस्कर माणसात पुढे न्यूमोनिया होऊ शकतो. ताप, धाप, छातीत दुखणं, गुंगी, ओठ निळसर दिसणं यातलं काहीही असेल तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

मुलाची जखम दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते विचारतील. समुद्राच्या पाण्यात झालेली जखम पटकन चिघळते, आणि आजोबांना मधुमेह असेल तर त्यांच्या खरचटण्याकडेही बघा. डॉक्टरांना "बोटीच्या अपघातात झालं" असं स्पष्ट सांगा आणि केसपेपरवर तसं लिहून घ्या.

चिंचगूळ
बाप रे. सगळे ठीक आहेत हे वाचून बरं वाटलं. 'ड्राय ड्राउनिंग'चा एक मेसेज फिरतो, पोहून आलेलं मूल आठवड्याने झोपेतच गेलं वगैरे. ते खरं असतं का हो डॉक्टर?

पळसफूल
@चिंचगूळ, नाही. अजिबात त्रास नसलेला माणूस आठवड्याने अचानक त्या पाण्यामुळे जात नाही. ज्याला काही होतं त्याला आधीपासून खोकला, धाप असं काहीतरी होतच असतं आणि त्याकडे दुर्लक्ष झालेलं असतं. त्या मेसेजने लोक नको तिथे घाबरतात.

आणि किनाऱ्यावर हमखास बघायला मिळतं ते सांगून ठेवते. बाहेर काढलेल्या माणसाला पालथं घालून पोट दाबणं, पाय धरून उलटं लटकवणं, हे करू नका. त्याने पाणी निघतं ते पोटातलं. ते उलटून श्वासनलिकेत जायची भीती असते आणि मोलाचा वेळ जातो. माणूस श्वास घेत नसेल तर त्याला श्वासाची गरज आहे. तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर तीस दाब, दोन श्वास, परत तीस. मदत येईपर्यंत थांबायचं नाही. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी घशात जाणार नाही.

खाडीकाठचा
मी देवबागचो. आमच्या घरात तीन पिढ्यो होडी आसा. आदी ह्यां सांगतंय, सगळे जिते आसत ह्यां ऐकान बरां वाटलां.

आता प्रमाण मराठीत लिहितो. राधानगरीकर ताई, खाडीच्या मुखाशी ओहोटी लागली की आतलं पाणी जोरात बाहेर येतं आणि समोरून लाट आत येते. दोन्हींची गाठ पडते तिथे पाणी उभं राहतं. जाणता तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, तिथे वेळ बघून, होडीचं तोंड लाटेला देऊन जातो. त्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं नाही, म्हणून त्याच्यावर काही बोलणार नाही. पण एक सांगतो. पर्यटनाचा हंगाम पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत. इंजिनाचं कर्ज, जाळ्याचं कर्ज, सगळं त्यातून फेडायचं. पोलीस केस झाली की होडी महिनोन् महिने अडकून पडते. बाहेर काढणारेही आमच्यातलेच होते ना? दुसऱ्या होड्यांनी जीव धोक्यात घालूनच लोकांना ओढून घेतलं.

दिवटी
@खाडीकाठचा, वाचवणाऱ्यांना दंडवत. पण तुमचं बोलणं मला पटलं नाही. "सगळे वाचले" म्हणून नोंद न केलेल्या अपघातांची गिनती कुणी ठेवत नाही. मग एक दिवस कुणी वाचत नाही आणि सगळे विचारतात की आधी कुणी कसं बोललं नाही. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, वीस पर्यटक होते, दोघे गेले. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं, आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नाही. अशी बोट अपघाताच्या दिवशीच पहिल्यांदा जास्त भरली असेल असं मला तरी वाटत नाही.

सागरगोटा
जॅकेट घातलं होतं का सगळ्यांनी? ताईंनी ते लिहिलेलं नाही.

राधानगरीकर
@पळसफूल, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच नणंदेला फोन केला. आजोबांना घेऊन निघालेत. मनापासून आभार.

@सागरगोटा, जॅकेटं दिली होती. मुलांनी घातली होती. मोठ्यांनी उकाड्यामुळे नुसती गळ्यात अडकवली होती, पट्टे बांधले नव्हते. कुणी बांधायलाही सांगितलं नाही.

खाडीकाठचा
पट्टे न बांधलेलं जॅकेट पाण्यात वर सरकून तोंडावर येतं आणि निघून जातं. कमरेचा आणि छातीचा पट्टा आवळायचा, लहान मुलाला मांड्यांमधून जाणारा पट्टाही. आम्ही सांगतो तेव्हा लोक हसतात, फोटोत जाड दिसतो म्हणतात. तरीही तांडेलाने पट्टे बघितल्याशिवाय होडी सोडू नये, हे मला मान्य.

वकिलीण_कऱ्हाडची
कायद्याच्या बाजूने लिहिते. मी ग्राहक आयोगातली कामं करते, तेव्हा त्याबद्दल जास्त, फौजदारीबद्दल थोडक्यात.

पोलीस तक्रार आता करता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाला न विचारता सुरू करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्द आमची नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन कळवली तर तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे जलयान चालवण्यासाठी कलम २८२ आहे आणि असुरक्षित किंवा जादा भरलेल्या जलयानातून भाड्याने माणसं नेण्यासाठी २८४. यात त्या गरिबाला जन्मठेप होत नाही, सहा महिन्यांपर्यंतची शिक्षा किंवा दंड, आणि दोन्ही जामीनपात्र. माणूस दगावला तर मात्र १०६ लागतं, ते गंभीर.

दुसरी वाट ग्राहक आयोगाची. पैसे देऊन घेतलेली सेवा म्हणजे तुम्ही ग्राहक. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे नणंदेला कोल्हापूरहून सिंधुदुर्गात खेपा घालायला नकोत. मुदत घटनेपासून दोन वर्षं. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. दवाखान्याचा खर्च, बुडालेल्या वस्तू, मनस्ताप, सगळं मागता येतं. मिळेल किती ते पुराव्यावर.

पुरावा म्हणजे काय, तर पैसे दिल्याचा यूपीआयचा मेसेज, केसपेपर, बिलं, त्या दिवशीचे फोटो, होडीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, आणि सोबत होडीत असलेल्या अनोळखी प्रवाशांचे नंबर. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. तुमच्या घरच्यांपेक्षा परक्या माणसाच्या साक्षीला जास्त वजन असतं.

चिंचगूळ
पण बसायच्या आधी "स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहिलेल्या कागदावर सही घेतात ना? मग कसं?

वकिलीण_कऱ्हाडची
त्या सहीने समुद्राचा जो स्वाभाविक धोका आहे तो तुम्ही पत्करता. जॅकेटचे पट्टे न बांधणं, जादा माणसं भरणं, परवान्याशिवाय होडी चालवणं, या निष्काळजीपणाची माफी त्या कागदाने मिळत नाही. कागद दिला असेल तर त्याचाही फोटो ठेवा.

मिशिगनवासी
इथे अमेरिकेत तळ्यावर बोट चालवतो म्हणून लिहितो. इथे अपघातानंतर अपघातग्रस्तांना मदत करणं आणि दुसऱ्या बाजूला नाव, पत्ता, बोटीचा क्रमांक देणं हे चालवणाऱ्यावर कायद्याने बंधनकारक आहे. कुणी दगावलं, किंवा प्रथमोपचारापलीकडे उपचार लागतील अशी दुखापत झाली, तर ४८ तासांत लेखी अहवाल द्यावा लागतो. नुसतं २००० डॉलर किंवा जास्त नुकसान असेल तर दहा दिवसांत. अहवाल दिला म्हणजे गुन्हा कबूल केला असं कुणी समजत नाही. त्या अहवालांतूनच दरवर्षी आकडे निघतात, कशामुळे माणसं मरतात ते कळतं आणि नियम बदलतात. लहान बोटींवर इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधायची सक्ती १ एप्रिल २०२१ पासून आली. तो पाण्यात पडला की इंजिन थांबतं, पंखा कुणाला कापत नाही. भाच्याची पोटरी वाचून तेच मनात आलं.

खाडीकाठचा
ती दोरी आमच्या आउटबोर्ड इंजिनांना पण येते. कित्येक जण इंजिनालाच अडकवून ठेवतात, मनगटाला लावत नाहीत. हे मी स्वतः आमच्या पोरांना ओरडून सांगत असतो.

भरजरी
आम्ही पुढच्या महिन्यात मालवणला निघालोय. हा धागा नवऱ्याला वाचून दाखवला तर तो म्हणाला, बोटिंग रद्द, त्यापेक्षा सिंधुदुर्ग किल्ला बघू.

सागरगोटा
@भरजरी, किल्ल्यावर जायला पण होडीच लागते हो. :)
जा बिनधास्त. फक्त पट्टे आवळा.

दिवटी
होडी पाण्यात असतानाचं पण लिहायला हवं. मी नदीकाठी वाढले, आमच्याकडे पोहायला शिकवतानाच सांगायचे: होडी उलटली तर तिला सोडायचं नाही. उलटलेली लाकडी किंवा फायबरची होडी बहुतेक वेळा तरंगत राहते. तिला धरून राहिलेला माणूस लांबून दिसतो, एकट्याचं डोकं लाटेत दिसत नाही. किनारा दिसतो त्याहून लांब असतो, आणि पोहता येणारेच "मी जाऊन मदत आणतो" म्हणून निघतात आणि दमतात. होडीखाली अडकला असाल तर आधी खाली, मग बाजूला, मग वर. इंजिनाकडून लांब.

आणि लगेच डोकी मोजायची. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. किनाऱ्यावर आल्यावर परत. गोंधळात एक मूल दुसऱ्या होडीत चढलेलं असतं आणि आई पाण्यात शोधत असते.

खाडीकाठचा
हे खरं आहे. होडी हातातून सुटल्यावर आम्हालाही माणूस सापडत नाही, होडीपाशी सापडतो. किनाऱ्यावरून निघण्याआधी होडीत किती माणसं बसली ते प्रत्येकाने स्वतः मोजून ठेवावं. तिकिटाच्या वहीवर विसंबू नका.

नंबर लिहून ठेवा. समुद्रातल्या शोध आणि बचावासाठी तटरक्षक दलाचा १५५४. सागरी पोलिसांचा १०९३. काहीच आठवलं नाही तर ११२. फोन करताना किनाऱ्याचं नाव, जवळची खूण, माणसं किती, किती सापडली, किती नाहीत, एवढं आधी सांगायचं. रडू नंतर.

सागरगोटा
मोबाईलचं पण लिहितो, कारण त्यात ओटीपी आणि बँक असते. दुसऱ्याच्या फोनवरून आधी सिम बंद करा, मग बँकेला कळवा. पोलिसांत हरवल्याची नोंद करा, ती प्रत डुप्लिकेट सिमला आणि विम्याला लागते. संचार साथी पोर्टलवर हँडसेट ब्लॉक करता येतो. समुद्रात गेलेला फोन कोण वापरणार असं वाटेल, पण पर्स वाहून किनाऱ्याला लागते.

विम्यावरून आठवलं. प्रवास विमा असेल तर कंपनीला लगेच कळवायचं असतं, आणि पॉलिसीत साहसी खेळ वगळलेत का ते वाचा. स्कूबा, पॅरासेलिंग पुष्कळदा वगळलेलं असतं. बँकेत वर्षाला २० रुपये कापून जाणारा पंतप्रधान सुरक्षा विमा असतो, त्यात अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. बुडून मृत्यू झाला तरी तो अपघातच. त्यासाठी एफआयआर किंवा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल मागतात. कितीतरी घरांना तो विमा आहे हेच ठाऊक नसतं.

राधानगरीकर
आजोबांना दाखल करून घेतलंय. ऑक्सिजन थोडा कमी होता, एक्स-रेत उजव्या बाजूला डाग आहे. डॉक्टर म्हणाले वेळेत आणलंत. औषधं सुरू झाली, बोलतायत, जेवलेही. भाच्याच्या जखमेला टाके नकोत, साफ करून पट्टी केली. पळसफूल, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

पळसफूल
उपकार काही नाहीत. बरे होतील. आता मुलाकडेही लक्ष असू द्या. पाण्याची भीती, रात्री दचकून उठणं काही दिवस चालतं. त्याला झालेलं बोलू द्या, "विसर आता" म्हणून गप्प करू नका. महिनाभरानंतरही झोप नीट नसेल तर १४४१६ या टेलीमानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) नंबरवर मोफत बोलता येतं. मोठ्यांनाही.

चिंचगूळ
खूप बरं वाटलं. वाचनखूण साठवली आहे.

खाडीकाठचा
राधानगरीकर ताई, आजोबांचं वाचलं आणि दोन दिवस मनात तेच घोळत होतं. मी आधी जे लिहिलं त्यात पोटापाण्याची काळजी होती आणि ती आजही आहे. पण माणूस रुग्णालयात गेला म्हटल्यावर हे चहावर मिटवायचं प्रकरण नाही.

सरळ पोलिसांत जायचं नसेल तरी एक काम नक्की करा. समुद्र आणि खाडीतल्या प्रवासी होड्यांचा परवाना महाराष्ट्र सागरी मंडळ देतं आणि प्रत्येक बंदराला बंदर निरीक्षकाचं कार्यालय असतं. त्यांना लेखी कळवा: तारीख, वेळ, किनारा, होडीचं नाव, क्रमांक, माणसं किती होती, पट्टे बांधले नव्हते, कोण जखमी. केसपेपरची प्रत जोडा. ते होडीची नोंदणी, तपासणीचं प्रमाणपत्र, तांडेलाचा परवाना, विमा, सगळं बघतील. क्रमांक होडीच्या अंगावर रंगवलेला असतो, तुमच्या फोटोंत मागे कुठेतरी दिसेल. धरणात किंवा तलावात झालं असतं तर परवाना कुणाचा आहे ते तहसील कार्यालयात विचारावं लागलं असतं.

आणि एक. नियमाने चालणाऱ्या होडीवाल्याला अशा तक्रारीने तोटा नाही. परवान्याला, जॅकेटला, विम्याला आम्ही पैसे मोजतो आणि बाजूचा विनापरवाना माणूस शंभर रुपये कमी सांगून गिऱ्हाईक नेतो. अपघात त्याचा होतो आणि दुसऱ्या दिवशी किनारा सगळ्यांचाच बंद होतो.

दिवटी
@खाडीकाठचा, _/\_
१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जीव गेले. त्यात प्रवासी बोटीच्या चालकाची काही चूक नव्हती, धडक दुसऱ्याने दिली. पण क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं, म्हणून मेलेल्यांचा आकडा वाढला. नंतर गेटवेला जॅकेटची सक्ती झाली. म्हणून म्हणते, तुमच्या एका पत्राने एका किनाऱ्यावर पट्टे बघायला माणूस उभा राहिला तरी पुष्कळ.

मिशिगनवासी
पत्र लिहायच्या आधी घरातल्या प्रत्येकाने आपल्याला आठवतं ते वेगवेगळं लिहून काढावं, एकमेकांशी चर्चा न करता. काही दिवसांनी सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात आणि बारकावे जातात. कोण कुठे बसलं होतं, लाट कुठल्या बाजूने आली, इंजिन चालू होतं का, वाचवणारी होडी किती वेळाने आली.

राधानगरीकर
नणंदेच्या यजमानांनाच हा धागा वाचायला दिला. खाडीकाठचा यांचा प्रतिसाद वाचून ते स्वतःच पत्राला बसले. फोटोत क्रमांक सापडला, मुलाच्या सेल्फीत मागे दिसतोय. बंदर निरीक्षकांना स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवतोय. पोलिसांचं आजोबा घरी आल्यावर ठरवू. ज्यांनी बाहेर काढलं त्या होड्यांची नावंही पत्रात घातली आहेत, त्यांचं कौतुक व्हावं म्हणून.

एक शंका राहिली. होडीवाल्याने तिकिटाचे पैसे परत दिलेत, ते आमच्याकडे आहेत. ते घेतले म्हणजे प्रकरण मिटवलं असा अर्थ निघतो का? परत करावेत का?

वकिलीण_कऱ्हाडची
परत करू नका, लपवूही नका. तुम्ही कुठल्या कागदावर "माझी काही तक्रार नाही" अशी सही दिलेली नाही ना? नसेल तर तिकिटाचा परतावा म्हणजे फक्त तिकिटाचा परतावा. पत्रात एक ओळ घाला: "प्रवासभाड्याची रक्कम परत मिळाली आहे, उपचारांचा खर्च व इतर नुकसानीबाबतचे आमचे हक्क राखून ठेवत आहोत." पोस्टाची पावती आणि ईमेलची प्रत केसपेपरच्या फाईलमध्येच लावा. आजोबा घरी आले की डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची सगळी बिलं त्यातच.